डावीकडची चिमी

बुवापाडा, अंबरनाथ (प.)
८ जुलै २०२४

आदरणीय हरिचंद्र सर,

सादर नमस्कार. शाळेत सुट्टीचा अर्ज लिहायचे ते सोडलं तर मी पत्र पहिल्यांदाच लिहितेय, त्यामुळे चुकलं तर समजून घ्या. तुमच्या त्या बटणाच्या फोनवर मी कितीदा कॉल लावला. दर वेळी मालिनीताईच उचलतात. बाबा फिरायला गेलेत, बाबा झोपलेत. शेवटी त्याच म्हणाल्या, पत्र पाठव, बाबांना पत्र आवडतं, आणि त्यांनी कोल्हापूरचा पत्ता दिला.

सर, तुम्ही आमच्यावर रागावलात का? परीक्षा संपवून आम्ही मैदानावर आलो तर शिपाईकाका म्हणाले, भोईर सर गेले मुलीकडे, आता येणार नाहीत. निरोप नाही की काही नाही. तुळशी म्हणते कॉलेजनेच तुम्हाला काढलं, मागच्या वर्षी आपण एकच मॅच जिंकलो म्हणून. गोलकीपर असल्यामुळे तिला वाटतं सगळं तिच्यामुळेच झालं. मी तिला सांगितलं, सर असे निघून जाणारे नाहीत, काहीतरी कारण असणार. पण कारण मलाही माहीत नाही.

नवीन स्टाफ आला. हेड कोच दिपेश पाटील सर, बदलापूरच्या शिरगावचे. लायसन्सवाले आहेत, पुण्याला कुठल्याशा अकॅडमीत होते. आणि फिटनेसला किर्ती मॅडम. पहिल्याच दिवशी प्रिन्सिपल सरांनी आम्हाला हॉलमध्ये बसवून सांगितलं की या वर्षी झोनच्या सेमी फायनलपर्यंत गेलात तर मुलींची टीम राहील, नाहीतर बंद. मैदानावर नेट बांधून टर्फ करणार आहेत म्हणे, संध्याकाळी उल्हासनगर कॅम्पातली व्यापारी मंडळी क्रिकेट खेळायला येतील. आणि मला कॅप्टन केलंय. हे सांगताना मला आनंद व्हायला हवा होता.

दिपेश सर अजिबात ओरडत नाहीत. त्याचंच आम्हाला विचित्र वाटतं. तुम्ही 'चिमे, डावीकडं' म्हणून आवाज टाकलात की रस्त्यावरचे रिक्षावालेसुद्धा वळून बघायचे. आता मैदान एकदम शांत असतं. चिमी परवा मला म्हणाली, अस्मे, आपण चुकतोय की बरोबर करतोय तेच कळत नाही.

काय करू ते लिहा.

तुमची,
अस्मिता

*

मंगळवार पेठ, कोल्हापूर
१९ जुलै २०२४

चि. अस्मिता,

अनेक आशीर्वाद. पत्र मिळालं. अक्षर वाईट आहे पण वाचता येतं.

मला कोणी काढलेलं नाही. तुळशीला तसं स्पष्ट सांग, आणि हेही सांग की मागच्या वर्षी खाल्लेल्या गोलांपैकी निम्मे तरी तुम्हा बचाव फळीचे होते. मी माझ्या मनाने आलो. वय झालं, मालिनी एकटी पडते, जावयाची नोकरी फिरतीची. एवढंच कारण आहे. फोनचा नाद सोड, इथे घरात रेंज नीट येत नाही आणि मला कानाला ते धरून बसण्याचा कंटाळा आहे. पत्र लिहीत जा.

दिपेशला वेळ द्या. नवा माणूस येतो तेव्हा मुलं जुन्या माणसाच्या चुका विसरतात आणि त्याला देव करून ठेवतात. मी काही देव नव्हतो. मी ओरडून शिकवलं कारण मला दुसरं येत नव्हतं. दिपेशला फुटबॉल माझ्याहून जास्त कळतो. तो जे सांगेल ते तीन महिने निमूट करा. कॅप्टनने कोच आणि मुली यांच्यामध्ये उभं राहायचं नसतं. मुलींच्या पुढे उभं राहायचं असतं.

इथे पेठेपेठेची टीम आहे. संध्याकाळी गच्चीवरून गल्लीतली पोरं खेळताना दिसतात. परवा एक मुलगा डाव्या पायाने असा चेंडू घेऊन गेला की मला चिमीच्या चामटोली गावाची आठवण झाली. चिमीला कबड्डीच्या स्पर्धेतून उचलून आणलं तेव्हा तिला ऑफसाइड म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण तिला धरणारी पोरगी अख्ख्या तालुक्यात नव्हती. तिला सांग, शांतता असेल तर स्वतःचं डोकं ऐकू येतं.

तुझ्या आई-वडिलांना नमस्कार. भीमरावांची पाठ कशी आहे?

हरिचंद्र भोईर

*

अंबरनाथ
२२ सप्टेंबर २०२४

आदरणीय सर,

तुमचं बरोबर होतं. दिपेश सर खरंच भारी आहेत. आम्ही आता बॉल नुसता पुढे मारत नाही, तुळशीपासून पास देत देत वर आणतो. आधी हसू यायचं, प्रत्येक वेळी आपल्याच गोलपाशी बॉल गमवायचो. आता जमतंय. दोन सराव मॅच जिंकलो, त्यातली एक ठाण्याच्या त्या कॉलेजशी, ज्यांनी मागच्या वर्षी आपल्याला रडवलं होतं. उन्नती मधल्या फळीत उभी राहून अशी खेळते की तीच ती का असं वाटतं. झोनचा पहिला राउंड पण निघाला. पप्पांची पाठ बरी आहे, कंपनीत आता बसायचं काम मिळालंय.

किर्ती मॅडम कडक आहेत. दर सोमवारी सगळ्यांसमोर वजन करतात आणि भिंतीवरच्या तक्त्यावर लिहितात. ज्यांचं वाढलं त्यांना मैदानाला जास्तीच्या फेऱ्या. भात बंद, चपाती एक, तेलाचं बंद. उन्नतीच्या घरी सगळी हसतात, म्हणतात लग्नाचं बघू तेव्हा कर हे डाएट. मी घरी आल्यावर खाते, खरं सांगते, आईपुढे कोणाचं चालत नाही. ती म्हणते पोरगी बॉल खेळते की उपास करते.

पण चिमीने मनावर घेतलंय. मॅडम तिलाच सगळ्यांपुढे उभं करतात, बघा, डेडिकेशन याला म्हणतात. तिचा स्पीड वाढलाय हे मात्र खरं आहे सर. पहिल्या राउंडला ती डावीकडून सुटली की त्यांची बॅक नुसती बघत राहायची. ती घरून सकाळी लवकर निघते, घरी सांगते कॉलेजात नाश्ता मिळतो. कॉलेजात म्हणते घरून खाऊन आले. दिवसभर काकडी आणि पाणी. मी बोलले तर म्हणते, अस्मे, तुला कॅप्टन राहायचंय ना, मग टीम राहायला पाहिजे ना.

तिच्या उजव्या पायाची नळी दुखते. पुढून, गुडघ्याच्या खाली. धावताना ती दाखवत नाही, पण नंतर बाकावर बसून दाबत असते. मी कोणाला सांगू नये म्हणून तिने माझ्याकडून शब्द घेतलाय. तुम्हाला सांगितलं तर तो शब्द मोडला असं होत नाही ना?

अस्मिता

*

कोल्हापूर
४ ऑक्टोबर २०२४

चि. अस्मिता,

आशीर्वाद. निकाल वाचून फार बरं वाटलं. मालिनीला दोनदा वाचायला लावलं.

नळीचं दुखणं सरावाच्या सुरुवातीला अनेकांना होतं. दोन-चार दिवस विश्रांती, बर्फ, आणि बूट बघ, तळवा झिजला असेल. शब्द दिलास तो विसर आणि दिपेशला सरळ सांग. तो ऐकेल. खेळाडू असताना त्याचा घोटा महिनाभर सुजला होता, त्याला दुखणं म्हणजे काय ते ठाऊक आहे.

खाण्याबद्दल म्हणशील तर आमच्या वेळी हे काही नव्हतं. मी तुम्हाला सरावानंतर वडापाव खायला घालत असे, ते चुकीचंच होतं असं आता शिकलेले लोक म्हणतात. भात सोडल्याने कोणी मरत नाही. शरीर कमावताना थोडं कुरकुरतं. मुली घरी आईपुढे लाडात येतात आणि मैदानावर कोचपुढे, तू कॅप्टन आहेस, दोन्हीला भुलू नकोस.

टीम वाचली पाहिजे, अस्मिता. टर्फ एकदा झालं की ते मैदान मुलींना परत मिळणार नाही. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर एवढ्या पट्ट्यात मुलींना खेळायला दुसरं काय आहे? बावीस वर्षं मी तिथे उभा होतो. ती वाया जाऊ नयेत एवढंच माझं मागणं आहे.

मला काही दिवस पत्र लिहायला जमणार नाही. किरकोळ तपासण्या आहेत. काळजी करू नये.

हरिचंद्र भोईर

*

अंबरनाथ
१७ नोव्हेंबर २०२४

सर,

आम्ही सेमी फायनलला पोहोचलो. टीम वाचली. क्वार्टर फायनलला गोल चिमीने मारला. मॅच संपल्यावर प्रिन्सिपल सरांनी मैदानात येऊन हार घातले, पेढे वाटले. चिमीने पेढा हातात घेतला आणि नंतर बाकाखाली ठेवून दिला. मी बघितलं.

आता मी जे लिहिणार आहे ते तुम्हाला लिहिताना मला लाज वाटतेय, तुम्ही वडिलांसारखे आहात. पण दुसरं कोणी नाही. चिमीची पाळी बंद झालीय. गणपतीपासून. तिने घाबरून किर्ती मॅडमना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, खेळाडूंचं असं होतं, बरंच आहे की, मॅचच्या दिवशी कटकट नाही. मी आमच्या इथल्या दवाखान्यातल्या नर्सबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या हे बरं नाही, मुलीला लगेच दाखवा, हाडं जातात अशाने.

पायाचं मी दिपेश सरांना तुमच्या सांगण्यावरून सांगितलं होतं. त्यांनी चिमीला तीन दिवस बसवलं पण. मग क्वार्टर फायनल आली. सर तिला बाजूला घेऊन म्हणाले, तुला वाटत असेल तरच खेळ. आता चिमीला असं विचारलं तर ती काय सांगणार? मॅडमनी मॅचच्या आधी गोळी दिली, हाफ टाइमला अजून एक.

काल मी परत गेले दिपेश सरांकडे. म्हटलं, सेमीला तिला बसवा, एक्स-रे काढू. ते शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "अस्मिता, तिच्याशिवाय डावी बाजू नाही आपल्याकडे. फायनल झाली की मी स्वतः तिला घेऊन जाईन डॉक्टरकडे." मी म्हटलं, भोईर सर असते तर त्यांनी बसवली असती. तेव्हा ते म्हणाले, "मला इथे कोणी आणलं असं वाटतं तुला? तुझ्या भोईर सरांनीच. त्यांनीच माझं नाव दिलं प्रिन्सिपलना. म्हणाले, दिप्या, काहीही कर पण टीम वाचव."

हे खरं आहे का सर? मग आम्हाला का नाही सांगितलं? तुम्ही स्वतःहून गेलात, माणूस पण तुम्हीच बसवला, आणि मी इथे तुम्हाला सगळं लिहितेय तर तुम्ही म्हणता निमूट करा.

जाऊ दे. मला भांडायचं नाहीये. मला एकच पाहिजे. तुम्ही दिपेश सरांना एक फोन करा. पत्र नको, पत्र पोहोचेपर्यंत उशीर होईल, सेमी एक तारखेला आहे. ते माझं ऐकत नाहीत, पण तुमचा आवाज ऐकला तर ऐकतील. दोन मिनिटं बोला. चिमीला बसव म्हणा, एवढंच. मालिनीताईंना पण फोन करतेय, त्या उचलत नाहीत.

सर, फक्त एक फोन.

अस्मिता

*

अंबरनाथ
८ डिसेंबर २०२४

सर,

तुमचा फोन आला नाही. तुम्हाला कळायला पाहिजे म्हणून लिहितेय.

सेमी फायनल मुंबईला होती. पहिला हाफ शून्य-शून्य. चिमी आणखीच जोरात धावत होती, मला वाटलं आपण उगाच घाबरलो. दुसऱ्या हाफला उन्नतीने तिला बॉल टाकला, ती सुटली, तिच्या आसपास कोणीच नव्हतं. कोणी धक्का दिला नाही, कोणी पाय घातला नाही. धावता धावता ती खाली गेली. आवाज मला मधल्या लाइनपर्यंत आला. मला वाटलं प्रेक्षकांत कोणीतरी बाटली फोडली.

तिचा पाय जिथे वळत नाही तिथे वळला होता.

ती रडली नाही. मी पोहोचले तेव्हा मला म्हणाली, बॉल गेला का बाहेर? तिला स्ट्रेचरवरून नेलं. मी दिपेश सरांकडे बघितलं. ते लाइनवर उभे होते, तोंडावर हात ठेवून. किर्ती मॅडम म्हणाल्या, बदली खेळाडू उतरवा, खेळ चालू करा. आणि मी खेळले सर. आम्ही सगळ्या खेळलो. उन्नतीने शेवटी गोल मारला आणि कोणीच तिच्याकडे धावलं नाही. आम्ही फायनलला गेलो.

बदलापूरला हॉस्पिटलमध्ये ऑपरेशन झालं, आत सळई टाकलीय. डॉक्टर म्हणाले हाडाला आधीपासून चीर होती, कित्येक आठवड्यांची. आणि ते हाड बघून म्हणाले, हिचं वय एकोणीसच आहे हे मला कागद बघून कळलं.

चिमीची आई तिथे बाकावर बसली होती. चामटोलीहून तशीच आलेली, हाताला शेण. डॉक्टरांनी पोषणाचं वगैरे सांगितलं तेव्हा तिला नीट समजलं नाही. मग समजलं. ती मला म्हणाली, "तिला खावाला कोन देत नव्हता तिकरं? घरान तं तांदलाची कमी नाय आमचे."



अस्मिता

*

कोल्हापूर
१५ डिसेंबर २०२४

प्रिय अस्मिता,

मी मालिनी. हे पत्र मला फार आधी लिहायला हवं होतं.

बाबांना घशाचा कॅन्सर आहे. मार्चमध्ये कळलं. मे महिन्यात ऑपरेशन करून घशातली आवाजाची पेटीच काढावी लागली. ते आता बोलू शकत नाहीत. मानेला समोर छिद्र आहे, त्यातून श्वास घेतात. तू फोन करायचीस तेव्हा ते माझ्या शेजारीच बसलेले असायचे. तू काय बोलतेस ते मी फोन मोठा करून त्यांना ऐकवायचे आणि ते हाताने खूण करायचे, सांग, फिरायला गेलेत. टीमला कळू द्यायचं नाही असं त्यांनी मला वचन द्यायला लावलं होतं. ज्या आवाजाला पोरी घाबरायच्या तो गेला हे त्यांना सांगवत नव्हतं.

तू नोव्हेंबरात लिहिलेलं पत्र आलं तेव्हा ते हॉस्पिटलमध्ये होते. गळ्यात पुन्हा गाठ आली होती. मी पाकीट उशाखाली ठेवलं, म्हटलं बरे झाले की वाचतील. मी ते उघडलं नाही. तुझे फोन येत होते तेव्हा मी ऑपरेशन थिएटरच्या बाहेर होते. उघडलं असतं तर मी दिपेशला स्वतः फोन केला असता. हे मी रोज स्वतःला म्हणते.

परवा दोन्ही पत्रं त्यांनी एकदम वाचली. त्यांचं पत्र सोबत पाठवतेय.

तुझी,
मालिनीताई

*

(सोबत)

चि. अस्मिता,

तू फोन कर म्हणालीस. मला तो करता आला नसता. पण मालिनी होती, शेजारी होते, तार करण्याचे दिवस गेले तरी निरोप पोचवणारी माणसं आहेत. पत्र वेळेवर वाचलं असतं तर काहीतरी केलं असतं असं मी म्हणू शकतो. पण त्याआधीचं सप्टेंबरातलं पत्र मी वेळेवर वाचलं होतं. त्यात सगळं होतं. मी बर्फ लाव म्हणून कळवलं.

दिपेशचं नाव मीच दिलं, हे खरं. माझं ऑपरेशन ठरलं आणि प्रिन्सिपल टीम बंद करायला निघाले होते. तो माझा सगळ्यांत हुशार विद्यार्थी. त्याला मी काल मालिनीच्या मोबाइलवरून लिहिलं. त्याचं उत्तर तिथेच आलं आहे. तो लिहितो, सर, तुम्ही निकाल मागितला, मी निकाल दिला. खाली आणखी एक ओळ आहे, मला झोप लागत नाही.

फायनल खेळायची की नाही हे मी सांगणार नाही. मी पुष्कळ सांगून झालं आहे.

चौकशी झाली तर माझा जबाब लेखी पाठवीन. त्यात माझं नाव गाळणार नाही.

हरिचंद्र भोईर

*

अंबरनाथ
५ जानेवारी २०२५

आदरणीय सर,

तुमचं कळल्यावर तुळशी मैदानाच्या कट्ट्यावर बसून खूप रडली. मला रडू आलं नाही. आधी राग आला, की आम्ही परक्या होतो का. मग तुम्ही फोनशेजारी बसून खूण करताय हे डोळ्यांपुढे आलं आणि राग टिकला नाही.

आम्ही फायनल खेळलो नाही. सगळ्या मुलींनी मिळून ठरवलं. प्रिन्सिपल सरांना लिहून दिलं की वजनाचा तक्ता काढा, किर्ती मॅडमना काढा, चिमीचं काय झालं त्याची चौकशी करा, तोपर्यंत उतरणार नाही. त्यांनी मला ऑफिसात बोलावलं. म्हणाले, "तुला कळतंय का, हे कॉलेज पहिल्यांदा फायनलला गेलंय?" मी म्हटलं, "सर, चिमी अजून उठून उभी राहत नाहीये." ते म्हणाले, "खेळात दुखापत होते." दिपेश सर तिथेच बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

समोरची टीम न खेळता जिंकली. विद्यापीठाने आपल्या कॉलेजवर दोन वर्षांची बंदी घातली, टीम उतरवली नाही म्हणून. म्हणजे टीम गेलीच. नेट बांधायला माणसं आलीसुद्धा. चौकशी झाली, एका दुपारची. तुमचा जबाब वाचला की नाही कोण जाणे. अहवालात लिहिलंय की खेळाडूने आपली प्रकृती व्यवस्थापनापासून लपवली. किर्ती मॅडमचा करार संपला, त्या आता पनवेलला दुसऱ्या कॉलेजात आहेत. दिपेश सरांनी राजीनामा दिला.

राजीनाम्यानंतर ते चामटोलीला गेले होते, चिमीकडून कळलं. पडवीत बसले. चिमीच्या आईने चहा दिला, तो तसाच ठेवून गेले. कॉलेजातून दुसरं कोणी अजून फिरकलेलं नाही.

पोलीस भरतीसाठी मला खेळाचं सर्टिफिकेट लागणार होतं. आता फायनलचं मिळणार नाही. आई म्हणाली, केलंस ते बरं केलंस, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ भांडी घासत राहिली.

सर, चिमी चालेल. काठी घेऊन, मग काठीशिवाय. धावायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय. पण पायापेक्षा दुसरंच मोठं आहे. ती खात नाही. आता कोणी सांगत नाही, वजन करत नाही, तरी खात नाही. आई ताट घेऊन बसते. चिमी दोन घास घेते आणि म्हणते, बसून बसून फुगेन मी. तिचे दंड तुम्ही बघायला हवेत. किंवा नकोच.

तुम्हाला प्रवास झेपत असेल तर या. चिमीच्या घरी कोणीतरी जायला पाहिजे.

अस्मिता

*

कोल्हापूर
१३ जानेवारी २०२५

चि. अस्मिता,

येतो. डॉक्टर नको म्हणतात, मालिनीही नको म्हणते. जावई कल्याणपर्यंत सोबत करतील. तिथून पुढे तू घेऊन चल. स्टेशनवर मला ओळखशील का याची शंका वाटते, गळ्याला पांढरं फडकं असेल.

ह. भो.

*

अंबरनाथ
२७ जानेवारी २०२५

प्रिय मालिनीताई,

सर सुखरूप पोहोचल्याचा तुमचा मेसेज आला. तिकडे गेल्यावर ते तुम्हाला काही लिहून सांगणार नाहीत असं वाटलं, म्हणून मीच लिहितेय. मेसेजमध्ये एवढं मावत नाही.

मी त्यांना स्टेशनवर लगेच ओळखलं. बारीक झालेत, पण चालणं तेच. बदलापूरहून रिक्षाने चामटोलीला गेलो. वाटेत तुमच्या सोनिवली गावाकडे नवीन टॉवर उभे राहिलेत ते सर बघत होते. त्यांच्या गावची शेतं कुठे गेली ते मी विचारलं नाही.

चिमी पडवीत खुर्चीवर बसली होती. सरांना बघून उठायला गेली. त्यांनी हात पुढे करून बसवलं आणि तिच्या शेजारी जमिनीवरच बसले. सरांच्या आवाजाचं तिला मी आधी सांगितलं होतं, पण तिच्या आईला सांगायचं राहिलं. ती माजघरातून आली, सरांकडे बघितलं, आणि उभ्या उभ्याच विचारलं, "त्या मास्तरला तुमीच आनला ना?"

मी उत्तर द्यायला गेले. सरांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि स्वतः मान हलवली. हो म्हणून.

"मंग आता बोलत का नाय?"

तेव्हा मी सांगितलं की सरांना आवाज नाही. ऑपरेशन झालंय, आता कधीच येणार नाही. तिने त्यांच्या गळ्याच्या फडक्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मला वाटलं ती जरा नरमेल. ती म्हणाली, "माजे पोरीला व्हता आवाज. ती तं बोलली व्हती. त्या मॅडमला बोलली, हिला बोलली. आयकला कोनी?"

'हिला' म्हणजे मला.

चिमी मान खाली घालून चादरीचा काठ ओढत होती. मग तिची आई आत गेली आणि ताट घेऊन आली. भात, वरण, सुकटीची चटणी. ताट तिने चिमीपुढे नाही, सरांपुढे ठेवलं. म्हणाली, जेवा. मी म्हटलं, मावशी, सरांना घास गिळायला त्रास होतो. पण सरांनी हात धुतले. भात वरणात अगदी पातळ कालवला आणि एक घास घेतला. ताई, तो घास खाली जायला किती वेळ लागतो ते तुम्हाला माहीत आहे. डोळ्यांतून पाणी येत होतं, मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. गिळून झालं की थांबायचे, मग दुसरा घास. चिमी आधी बघत नव्हती. मग बघायला लागली. म्हणाली, सर, राहू दे. त्यांनी ऐकलं नाही. परत म्हणाली, सर, नका ना.

त्यांनी ताट तिच्याकडे सरकवलं.

ती जेवली नाही, ताई. तुम्हाला खोटं नाही लिहीत. ताटाकडे बघत बसली, एक घास उचलला, तो हातातच धरून ठेवला, आणि परत ठेवला. तिच्या आईने ताट उचललं आणि आत नेलं. सर तिथेच बसून राहिले, संध्याकाळपर्यंत. चिमीला झोप लागली तेव्हा आम्ही निघालो.

रिक्षासाठी नाक्यावर उभे असताना त्यांनी माझ्या मोबाइलवर एकेक अक्षर शोधून टाइप केलं, उद्या परत येऊ. मी म्हटलं, सर, उद्या तुमची गाडी आहे, परवा तपासणी आहे. त्यांनी मान हलवून नाही म्हटलं आणि तेच शब्द परत दाखवले.

म्हणून त्यांना यायला एक दिवस उशीर झाला. दुसऱ्या दिवशीही तिने काही खाल्लं नाही. आता मी जाते, कॉलेज सुटल्यावर. ताट घेऊन तिच्यासमोर बसते आणि जेवते. तिची आई माझ्याशी बोलत नाही, पण वाढते.

सरांची तपासणी काय आली ते कळवा.

तुमची,
अस्मिता